मेंटरमुळे नेमकं काय बदललं? एका लोकप्रिय दाव्याची चिकित्सा



मागच्या लेखात आपण नियंत्रण गट म्हणजे काय ते पाहिलं. आज तीच गोष्ट एका दाव्याला लावून बघू. एम.एस्सी.ला असल्यापासून तुम्ही तो ऐकत असाल: 'अनुभवी मेंटर मिळाला की स्टार्टअप तरतो.' आता विद्यापीठांमध्ये इनक्युबेशन केंद्रं आहेत आणि स्वच्छ ऊर्जेच्या कल्पनांसाठी स्पर्धा निघतात. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यापैकी काही जण उद्या तिथे अर्ज करतील, काही जण अशा उपक्रमांवरच प्रबंध लिहितील. दोघांनाही हा दावा तपासता यायला हवा.

आधी माझी गोष्ट सांगते.

मी सिंदेवाही भागातली. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पूर्व पट्ट्यात धान हेच पीक, त्यामुळे राईस मिल आणि तिच्यामागे तुसाचा डोंगर हे नेहमीचं दृश्य. शंभर किलो धान भरडलं की साधारण वीस किलो तूस निघतं. माझं पीएच.डी.चं काम या तुसाच्या ज्वलनावर आहे. माझ्या दोन मित्रांनी तुसाच्या ब्रिकेट, म्हणजे ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, त्या बनवायचं छोटं युनिट टाकलं. मी प्रयोगशाळेतलं विश्लेषण करून द्यायची.

आम्ही एका मेंटरिंग कार्यक्रमात निवडले गेलो. मेंटर सज्जन होते, वीस वर्षं सॉफ्टवेअर विक्रीत काढलेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा ग्राहक कोण? एका माणसाचं नाव सांगा." आमच्याकडे नाव नव्हतं. प्रश्न रास्त होता आणि त्याचा आम्हाला फायदाही झाला. पण पुढच्या सगळ्या बैठका 'पाच जिल्ह्यांत कधी जाणार' आणि 'ॲप कधी काढणार' यावर गेल्या. दोन महिने आम्ही स्लाइड्स बनवत होतो. तोवर मशीनचा स्क्रू झिजून गेला.

मग मित्राचे मामा आले. कागद कारखान्याच्या बॉयलर विभागातून निवृत्त झालेले. मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काय गं बेटा, स्क्रू किती तासांनी बदलवता तुम्ही? आणि राख कुठं टाकणार?"

हे दोनच प्रश्न, पण सगळा हिशेब त्यांच्यात होता. तुसात साधारण १५ ते २० टक्के राख असते आणि त्या राखेत बहुतांश सिलिका. सिलिका धातूला घासते, म्हणून स्क्रू झिजतो. भट्टीचं तापमान चढलं की हीच राख वितळून खंगर धरते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. राखेचं प्रमाण मी स्वतः मोजलं होतं. पण माझ्या तक्त्यातला तो आकडा म्हणजे मित्राच्या खिशातून जाणारे पैसे आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. युनिट आज बंद आहे. मित्राच्या वडिलांनी त्यासाठी काढलेलं कर्ज चालू आहे.

आता सांगा, या गोष्टीवरून काय सिद्ध होतं? 'चुकीचा मेंटर मिळाल्याने युनिट बुडालं' असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण खरं तर काहीच सिद्ध होत नाही. मामा पहिल्या दिवशी भेटले असते तरी ते बुडालं असतं का, हे मला सांगता येणार नाही. माझी गोष्ट हे एकच उदाहरण आहे, तुलनेला दुसरं काही नाही. आणि गंमत म्हणजे मेंटरिंगच्या यशोगाथांची अवस्थाही हीच असते. 'अमक्यांनी मार्गदर्शन केलं आणि कंपनी उभी राहिली' हे वाक्य आणि माझी तक्रार, दोन्ही एकाच दर्जाचे पुरावे.

अडचण निवडीची आहे. कार्यक्रमात मुळातच चांगले स्टार्टअप निवडतात. ते पुढे टिकले तर श्रेय मेंटरचं की निवड समितीच्या नजरेचं? आपल्या भाषेत सांगायचं तर टॉपरला शिकवणी लावली आणि तो पहिला आला, तर शिकवणी किती कामाची होती?

यावर एक चांगला अभ्यास आहे. चिलीच्या सरकारने २०१० मध्ये 'स्टार्ट-अप चिली' हा कार्यक्रम सुरू केला. गोन्झालेस-उरिबे आणि लेदरबी या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. समजा प्रवेशाची यादी ६० गुणांवर थांबली. ६१ वाला आत, ५९ वाला बाहेर. या दोघांच्या हुशारीत फारसा फरक नसतो, नशिबात असतो. मग रेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्यांची तुलना केली की निवडीचा घोळ बराच कमी होतो. निष्कर्ष असा निघाला की नुसते पैसे आणि बसायला जागा मिळालेल्यांमध्ये ठळक फरक दिसला नाही. त्यासोबत ज्यांना शिक्षण, मार्गदर्शन आणि ठरावीक काळाने हिशेब देण्याची सक्ती मिळाली, त्यांची कामगिरी सुधारली.

म्हणजे मेंटरिंग उपयोगी ठरलं? थांबा. इथे दोन प्रश्न विचारायचे. पहिला, नेमका परिणाम कशाचा? मार्गदर्शनाचा, की दर महिन्याला कुणाला तरी तोंड दाखवायचं या धाकाचा? तो सगळा एकत्र गठ्ठा होता, सुटा करता येत नाही. दुसरा, हा निष्कर्ष आपल्या भट्टीला लागू होतो का?

दुसऱ्या प्रश्नावर माझा आक्षेप जास्त आहे. २०१६ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्वच्छ तंत्रज्ञानातल्या गुंतवणुकीचा हिशेब मांडला. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी सुमारे २५ अब्ज डॉलर घातले आणि निम्म्याहून अधिक गमावले. नवीन पदार्थ, रसायनं, प्रक्रिया यांवर काम करणाऱ्या कंपन्यांना लागणारा वेळ आणि भांडवल त्या साच्यात बसतच नव्हतं. सॉफ्टवेअरमधली चूक रात्रीतून दुरुस्त करता येते, भट्टीतली चूक दुरुस्त करायला भट्टी फोडावी लागते. म्हणून सॉफ्टवेअरमधला अनुभव इथे जसाच्या तसा चालत नाही. 'अनुभवी' हे विशेषण अर्धवट आहे. कशाचा अनुभव, हे पुढे लिहिलं नसेल तर वाक्यच अपुरं.

वापरणाऱ्याचा अनुभव तर यादीत कुठेच नसतो. आपल्या देशात १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालला. तज्ज्ञांची वानवा नव्हती. पण सुधारित चुलींवर ओडिशात झालेला हॅना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन यांचा अभ्यास वाचा. चुलींचं वाटप सोडत काढून केलं आणि काही वर्षं पाठपुरावा ठेवला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे परिणाम विरला, कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्यांचा वापर घटत गेला. लाकडाची बचतही दिसली नाही. प्रयोगशाळेतली कार्यक्षमता खोटी नव्हती. धुराडं कोण साफ करणार, हा प्रश्न कुणी विचारायला हवा होता. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत तर सरपण वाचणं म्हणजे जंगलात जाण्याच्या फेऱ्या आणि वाघाची गाठ पडायचा धोका वाचणं. तिथे 'पहिल्या वर्षी चांगलं चाललं' हे उत्तर पुरत नाही.

मग असे प्रश्न विचारणारी माणसं आपल्याकडे नाहीत का? भरपूर आहेत. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. शेजारी कोळसा खाणी, बल्लारपूरला कागद कारखाना. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. ज्या कारखानदारीने ही हवा दिली, तिनेच राख, पंखे, पंप, बेअरिंग ओळखणारी निवृत्त माणसंही दिली. त्यातल्या कितींना 'मेंटर' म्हणून बोलावलं जातं, हा सर्वेक्षणाचा विषय आहे. आमच्या कार्यक्रमात एकही नव्हता.

आणि सल्ला कसा घ्यायचा, याचाही नमुना इथेच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. हे काही स्टार्टअप नव्हे. पण त्यांच्या रचनेतली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे जाणकार अभ्यास गटात बसत, चर्चा करत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वानुमते घेणार. सल्ला देणाऱ्याच्या हातात निर्णय नाही.

याच्या उलट, जिथे मेंटरच निधीच्या समितीवर बसतो, तिथे काय होईल विचार करा. 'सर, आमचा स्क्रू आठवड्यात झिजतो' हे त्याला कोण सांगेल? चूक लपवावी लागली, तर मार्गदर्शनाचा उपयोगच संपला. पीएच.डी.त गाईडशिवाय बाहेरचे परीक्षकही असतात, त्यामागचं कारणही काहीसं असंच.

यावर कुणी म्हणेल, जिल्ह्यात दहा-बारा स्टार्टअप, त्यात कसली तुलना आणि कसली संख्याशास्त्रीय चाचणी? बरोबर आहे. म्हणून मी एक साधी पद्धत सुचवते: निर्णयांची वही. प्रत्येक बैठकीआधी लिहायचं की आपण काय करणार आहोत आणि का. बैठकीनंतर लिहायचं की मेंटरने कोणता प्रश्न विचारला आणि कोणता निर्णय बदलला. सहा महिन्यांनी तपासायचं की तो बदल योग्य होता का. आधी लिहून ठेवल्यामुळे 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हणता येत नाही. याने कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होणार नाही, पण मेंटरने काय बदललं आणि काय नाही बदललं, हे निदान दिसेल.

आम्ही अशी वही ठेवली असती तर पहिल्या पानावर 'ग्राहकाचं नाव शोधणे' हा चांगला बदल दिसला असता. पुढची दोन महिन्यांची पानं स्लाइड्सनी भरलेली दिसली असती, आणि 'स्क्रू' हा शब्द कुठेच सापडला नसता. ते रिकामेपण कर्ज काढायच्या आधी आमच्या नजरेला पडलं असतं.

तुम्ही अर्ज करणार असाल तर मेंटरच्या परिचयात पदं किती आहेत ते मोजू नका. त्यांनी स्वतः काय चालवलंय, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, ते विचारा. पहिल्या भेटीत हे विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण तो संकोच फार महाग पडतो.

पुढच्या लेखात सोडत पद्धतीने गट कसे पाडायचे ते पाहू. तोवर अभ्यास चालू ठेवा.