दोरीचा खेळ आणि गिधाडांचा धडा

अन्नजाळ्याचा पाठ शिकवताना अनेक शाळांत आणि निसर्ग शिबिरांत एक खेळ घेतला जातो. मुले गोल करून उभी राहतात. कोणाच्या गळ्यात ‘गवत’, कोणाच्या ‘नाकतोडा’, तर कोणाच्या ‘बेडूक’, ‘साप’, ‘घार’ अशा पाट्या असतात. सुतळीचा गुंडा खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे फिरत जातो आणि मध्ये जाळे तयार होते. मग एकाला सुतळी सोडायला सांगतात. जाळे ढिले पडते. एक दुवा निखळला की सारा निसर्ग कोसळतो, असे तात्पर्य सांगून तास संपतो.

हा खेळ सोपा आहे, बिनखर्चाचा आहे आणि मुलांना आवडतो. सरळ रेषेतल्या अन्नसाखळीपेक्षा जाळ्याची कल्पना खरी, हेही तो चांगले ठसवतो. तरीही त्याचे तात्पर्य तपासून पाहायला हवे, कारण त्यातून मुलांच्या मनात काही चुकीच्या समजुती पक्क्या होतात.

पहिली अडचण दिशेची. पुस्तकातल्या अन्नसाखळीत बाण गवताकडून नाकतोड्याकडे जातो, कारण अन्न आणि त्यातली ऊर्जा त्या दिशेने जाते. मुले मात्र बाणाचा अर्थ ‘खातो’ असा घेतात आणि तो उलटा काढतात. सुतळीला तर दिशाच नसते. त्यामुळे गोंधळ दूर होण्याऐवजी झाकला जातो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खेळातल्या सगळ्या सुतळ्या सारख्याच जाडीच्या असतात. निसर्गात तसे नसते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील मकाह उपसागरात खडकाच्या एका पट्ट्यावरून तारामासे काढून टाकण्याचा क्रम चालू ठेवला. शेजारचा पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवला. १९६६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तारामासे काढलेल्या पट्ट्यात १५ प्रजातींच्या जागी ८ उरल्या होत्या. तारामासे खडकाला चिकटणारे शिंपले खातात. त्यांचा धाक जाताच शिंपल्यांनी खडक व्यापला आणि इतरांना जागाच उरली नाही. इतर प्रजाती हटल्या त्या मुख्यतः जागेअभावी. जागेसाठीची ही झटापट ‘कोण कोणाला खातो’ या सुतळीत कुठेच दिसत नाही.

अशा प्रजातींना पेन यांनी १९६९ साली कमानीतल्या कळीच्या दगडाची उपमा दिली. परंतु प्रत्येक दगड कळीचा नसतो. १९९२ साली त्यांनीच किनाऱ्यावरील दुव्यांचे बळ मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा बहुतेक दुवे क्षीण आणि मोजकेच बळकट आढळले. म्हणजे कोणता दुवा तुटला यावर परिणाम अवलंबून असतो, आणि ते आधी पाहावे लागते.

तिसरी अडचण ‘कोसळण्या’ची. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. (२०२२ पासून कुनो येथे आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले आहेत.) एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “इतकी वर्षे चित्ता नव्हता, मग जंगल कोसळले का नाही?” आपण शिकवलेले तात्पर्यच खरे धरले, तर या प्रश्नाला उत्तर नाही. मग दोनच वाटा उरतात. बाईंनी सांगितले ते खोटे, किंवा प्राणी नाहीसा झाला तरी काही बिघडत नाही. दोन्ही समजुती घातक आहेत. अतिशयोक्तीने शिकवलेला धडा असा उलटतो.

खरे काय घडते, हे समजायला आपल्याच देशातले उदाहरण पुरेसे आहे. पुष्कळशा पुस्तकांतल्या अन्नसाखळ्या घारीपाशी किंवा वाघापाशी संपतात. मेलेले जनावर खाणाऱ्या गिधाडाला त्यात जागाच नसते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांची मिळून घट सुमारे ९७ टक्के होती. त्यांचे अन्न कमी झाले होते का? मुळीच नाही. मेलेली गुरे पूर्वीइतकीच मिळत होती.

कारण सापडले ते २००४ साली, पाकिस्तानातील संशोधनातून. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. शंभरातल्या एखाद्याच मृत जनावरात हे औषध असले, तरी अशी घट होऊ शकते असे गणिताने दिसले. कारण एका जनावरावर गिधाडांचा मोठा थवा जेवतो, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मेलेली गिधाडे लवकर भरून निघत नाहीत.

पुढे काय झाले? अन्नजाळे कोसळले नाही, त्याची घडी बदलली. उरलेले मांस भटक्या कुत्र्यांना मिळू लागले. १९९२ नंतरच्या सुमारे चौदा वर्षांत त्यामुळे देशातील कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. कुत्री वाढली की रेबीजचा धोका वाढतो. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची अंत्यविधीची जुनी पद्धतही अडचणीत आली. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. पण गिधाडांची संख्या अजून पूर्वपदावर आलेली नाही.

मग खेळ सोडून द्यायचा का? नाही, तो बदलायचा. चौथी-पाचवीसाठी सुतळीऐवजी चिंचोके घ्यावेत. गवताने पन्नास चिंचोक्यांनी सुरुवात करावी आणि प्रत्येकाने पुढच्याला थोडेच द्यावेत. दिशा आणि घटत जाणारे अन्न दोन्ही डोळ्यांपुढे येतील. ‘मेलेला बैल’, ‘गिधाड’, ‘कुत्रा’, ‘कावळा’ आणि ‘बुरशी’ यांच्या पाट्या जरूर असाव्यात. काही चिंचोक्यांना खुणेचा रंग लावला, तर औषध कसे पुढे सरकते तेही दाखवता येईल.

सहावी ते आठवीच्या मुलांकडून मात्र दुवा तोडण्याआधी अंदाज लिहून घ्यावा. कोण वाढेल? कोण घटेल? कोणाला काहीच फरक पडणार नाही? आणि असे का वाटते? गिधाडे काढून घेतल्यावर उरलेले चिंचोके कोणाकडे जातात, हे मुलांनीच मोजावे. मग गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे, पूर्वी मेलेले जनावर कोण संपवत असे आणि आता त्याचे काय होते.

या प्रश्नांची उत्तरे सगळीकडे सारखी येणार नाहीत. त्यांवर वाद होईल आणि तास थोडा लांबेल. पण एखादा प्राणी गेल्यावर नेमके काय बदलते हे शोधायला शिकलेला विद्यार्थी चित्त्याचा प्रश्न विचारील, तेव्हा त्याचे उत्तर कसे शोधायचे हेही त्याला माहीत असेल.