हळदीतला बेंजो आणि गेमबॉय

लग्नसराईत मुरबाड किंवा शहापूरच्या एखाद्या गावात रात्री शिरावं, तर मांडव दिसण्याआधी बेंजो ऐकू येतो. हळदीची ती खूणच. तरीही संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्याला कधी वाद्य म्हणून कानावर घेतलं नाही, तो फक्त गोंगाटाच्या तक्रारीत उरला. मला हे अन्यायाचं वाटतं.

हा अमेरिकेतला बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून तैशोगोतो बनवलं. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप लावून ते ॲम्प्लिफायरला जोडल्यावर आपला बेंजो. वाद्य गरीब आहे. तारेचा नाद लगेच विरतो, बटण ठरलेल्या सुरावरच बसतं, मींड काढणं अवघड. म्हणून तरबेज वादक आघात इतके दाट करतो की सूर तुटलाच नाही असं वाटावं. सनईचा लांब श्वास तो तुकड्यांतून उभा करतो. बेंजोची खरी कला इथे आहे.

मला इथे चिपट्यूनवाले आठवतात, जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपवर संगीत रचणारे. १९८९च्या गेमबॉयमधून एका वेळी चारच आवाज निघतात: दोन चौकोनी लहरींचे, एक हवा तसा घडवता येणारा आणि एक नुसत्या खरखरीचा. त्या खरखरीचे बारीक तुकडे पाडून ते तालवाद्यं करतात. एका आवाजात तीन सूर एकदम मावत नाहीत, म्हणून ते सूर एकामागोमाग एवढ्या झपाट्यानं फिरवतात की कानाला ते एकत्रच लागतात. बेंजोवाल्याची युक्तीही याच जातीची, अडचणीतून निघालेली.

पण पुढे वाटा फुटतात. २००० साली योहान कोटलिन्स्की यांनी गेमबॉयवरच संगीत रचण्यासाठी एलएसडीजे हा प्रोग्रॅम केला, आणि बनवणाऱ्या कंपनीनं मागे टाकलेल्या यंत्रासाठी लोक नव्या रचना करत राहिले. मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकानं १९८२ साली रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली, तीही कुणाच्या गाण्याची नक्कल नव्हती. आपला बेंजो मात्र आजही दुसऱ्याची गाणी वाजवतो. आगरी-कोळी गीतं, सिनेमाची गाणी, मागणी येईल ते. वादकाला दोष देता येत नाही, सुपारी गाण्यांची असते. पण खास बेंजोसाठी बांधलेली, बेंजोशिवाय उभीच राहू नये अशी चीज माझ्या कानावर आलेली नाही, आणि या कलेतली ही उणीव मला सगळ्यात जास्त बोचते. कीबोर्डवर बेंजोचा ‘टोन’ मिळू लागल्यावर ती आणखी महाग पडणार आहे. गाणं तेच असेल तर तारा कशाला हव्यात, असं बेंजो पार्टीचा मालक म्हणेल, आणि त्याला द्यायला उत्तर नसेल.

वारल्यांचं फुंकवाद्य तारपा या बाबतीत श्रीमंत आहे. सुकलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, मोजकेच सूर. पण वारली नाचाच्या चाली त्याच्या स्वतःच्या आहेत, त्याच्या अखंड श्वासावर बेतलेल्या.

बेंजोत तसं काही ऐकायचं तर एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत थांबावं. नाचणारे पाणी प्यायला जातात, ढोलवाला घाम पुसतो. वादक तारा लावून पाहतो, दोन बटणांवर बोटं घुटमळतात, एक छोटी सुरावट वर चढून परत येते. ती कुठल्याच सिनेमातली नसते. तेवढ्यात कुणीतरी फर्माईश ओरडतो.