षष्ठी की पंचमी?

अ‍ॅरिस्टॉटलचा ‘कॅथार्सिस’ हा शब्द मराठी समीक्षेत रुळून फार दिवस झाले. विंदा करंदीकरांनी १९५७ साली ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले, तेव्हापासून तर तो परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचला आहे. कोणी त्याला ‘विरेचन’ म्हणतो, कोणी ‘शुद्धीकरण’. वाद रंगतो, परंतु ज्या वाक्यात तो शब्द येतो ते वाक्य वाद घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी मुळात वाचलेले असते? मीही त्या न वाचणाऱ्यांतलाच. टिपणातील एका प्रत्ययाने अर्थ बदलला म्हणून मसुदा परत येतो, हे कारकुनाला रोज पाहावे लागते. काव्यशास्त्रातील मसुदा मात्र आपण मूळ न पाहताच मान्य करावा, हे मनाला पटेना. म्हणून तिशी उलटल्यावर मी ग्रीकच्या वाटेला गेलो.

पहिली दोन वर्षे वाया गेली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात स्वस्तात मिळालेले एक जाडजूड व्याकरण घेऊन बसलो. त्यात स्वाध्याय रग्गड होते, उत्तरे मात्र कोठेच नव्हती. वह्याच्या वह्या भरल्या. त्यांतील किती वाक्ये शुद्ध होती हे आजही सांगता येणार नाही. तेव्हा कळले की प्रौढ विद्यार्थ्याने पुस्तकाची कीर्ती नंतर पाहावी. शिक्षकाची रिकामी खुर्ची ते किती भरून काढते, हे आधी पाहावे.

ह्या कसोटीवर हॅन्सन आणि क्विन ह्यांचा ‘ग्रीक : अ‍ॅन इंटेन्सिव्ह कोर्स’ हा ग्रंथ एकट्याच्या कामाचा ठरत नाही. त्याची मांडणी अत्यंत रेखीव आहे. पण तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील उन्हाळी वर्गांतून निघाला. दिवसभर वर्ग आणि समोर अध्यापक हे त्यात गृहीतच आहे. रात्रीच्या एका तासावर ज्याची भिस्त, त्याला ते ओझे पेलत नाही.

बाम आणि लॉवॉल ह्यांचे ‘अथेनाझे’ ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डिकाइओपोलिस नावाचा एक शेतकरी, त्याचे बैल, त्याचा आळशी गुलाम, अथेन्सवर येऊ घातलेले युद्ध अशी एक सलग कथा त्यात आहे, आणि कथेच्या ओघात व्याकरण येते. पुढे हीच वाट हिरोडोटस आणि थ्युसिडिडिस ह्यांच्यापर्यंत नेते. वाचनाची गोडी लावण्यात त्याला तोड नाही. परंतु गोष्ट कळली म्हणजे भाषा कळली असा गोड भ्रमही ते निर्माण करते. वाक्याचा अर्थ संदर्भाने लागतो, आणि प्रत्यय तसाच निसटून जातो.

केंब्रिजहून १९७८ साली निघालेले ‘रीडिंग ग्रीक’ मला ह्या दोहोंच्या मधले वाटते. पाठ एका खंडात, व्याकरण व स्वाध्याय दुसऱ्यात. आणि स्वतंत्रपणे शिकणाऱ्यासाठी पाठांची भाषांतरे व स्वाध्यायांची उत्तरे देणारी निराळी मार्गदर्शिका. ह्या शेवटच्या पुस्तकासाठीच मी ह्या संचाला पहिला मान देईन. आपली चूक त्याच रात्री कळणे ही एकट्या विद्यार्थ्याची मोठी मिळकत आहे.

परंतु ह्या सर्व पुस्तकांत एक समान उणीव आहे. ती इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली आहेत. विभक्ती म्हणजे काय हे त्याला समजावण्यात त्यांचा बराच श्रम खर्च होतो. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ ह्यांतील जो उच्चारभेद प्राचीन ग्रीकमध्ये होता, तो इंग्रजाला कष्टाने कळतो. आपल्याकडे तो बाराखडीतच आहे. शाळेत संस्कृत केलेल्या मराठी माणसाला द्विवचनाचे भय नाही, आत्मनेपदाची ओळख आहे. ‘भरामि’ला ‘फेरो’ भेटतो आणि भूतकाळात ‘अभरम्’प्रमाणे त्याच्याही मागे ‘ए’चा आगम लागतो. ‘दधामि’त अभ्यासाच्या ‘ध’चा ‘द’ होतो, तसाच ‘तिथेमि’त ‘थ’चा ‘त’ होतो. डॉ. भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’चा आधार घेऊन कोणी मराठीत ग्रीकची पहिली पायरी बांधली, तर आपल्या विद्यार्थ्याचे निम्मे श्रम वाचतील.

कोशांविषयी थोडक्यात. लिडेल आणि स्कॉट ह्यांचा महाकोश नवशिक्याने लांबूनच पाहावा. २०२१ साली दोन खंडांत निघालेला केंब्रिजचा कोश त्याला अधिक जवळचा वाटेल. लोएब मालेच्या हिरव्या पुस्तकांत डावीकडे ग्रीक आणि उजवीकडे इंग्रजी असते. डोळा उजवीकडेच धावतो. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ संग्रहात शब्दावर बोट ठेवताच त्याची फोड समोर येते. सोय मोठी, पण फोड आयती मिळाली की ती स्मरणात राहत नाही. ही साधने हवीत, मात्र स्वतः झटून झाल्यावर.

आता त्या वाक्याकडे. ‘कॅथार्सिस’शी जोडलेला शब्द ‘पथेमतोन’ हा षष्ठीचे बहुवचन आहे. ग्रीकमध्ये पंचमी निराळी उरली नाही. ती षष्ठीत मिसळली. म्हणून ‘भावनांचे शुद्धीकरण’ आणि ‘भावनांपासून शुद्धी’ हे दोन्ही अर्थ त्या एका प्रत्ययात दडलेले आहेत. १८५७ साली जर्मन पंडित बेर्नाइस ह्यांनी भावनांचा निचरा हा अर्थ पुढे मांडला, आणि आपले ‘विरेचन’ त्याच बाजूचे आहे. मराठीत लिहिताना आपल्याला ‘चे’ किंवा ‘पासून’ ह्यांपैकी एक निवडावेच लागते. अ‍ॅरिस्टॉटलला ते निवडावे लागले नव्हते.

हे मला अनुवादांवरून कधी कळले नसते. वाद मिटला असे मी म्हणत नाही. तो कोठे आहे हे मात्र आता दिसते. एका प्रत्ययासाठी इतकी वर्षे घालवली, असे कचेरीतील सहकारी हसून म्हणतात. त्यांना काय सांगावे? पुस्तके नीट निवडली असती, तर दोन वर्षे कमी लागली असती, एवढेच.