तात्पर्याखाली दबलेले प्राणी

बैल बसताना आधी पुढचे पाय मुडपतो, हे राहुरी तालुक्यातल्या वस्तीवरच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी त्यानं रोज पाहिलेली असते. आपण त्याच्या हाती देतो त्या चित्रपुस्तकातला बैल मात्र बहुधा गुबगुबीत, शर्ट घातलेला, दोन पायांवर उभा. मराठीतल्या प्राण्यांच्या चित्रपुस्तकांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे की त्यांत प्राणी सापडत नाही.

याचं मूळ जुनं आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ इसापाच्या गोष्टींचीच होती. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आली. मुलांसाठीची मराठी छपाई प्राण्यांच्या तोंडून नीती सांगतच सुरू झाली आणि लबाड कोल्हा, मूर्ख गाढव, कष्टाळू मुंगी ही वाटणी कायम झाली. तोंडी परंपरा एवढी करडी नव्हती. काऊ-चिऊची गोष्ट लीळाचरित्रातही सापडते. तिच्यात शेणाचं घर, मेणाचं घर आणि पाऊस डोळ्यांपुढे येतात, शिकवण नंतर. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीच्या गोष्टीतला वाघ तर भुकेला वाघच असतो.

प्राण्याला कपडे चढवले म्हणून पुस्तक बिघडतं असं नाही. बिआट्रिक्स पॉटरच्या इंग्रजी चित्रपुस्तकातल्या (१९०२) पीटर या सशाला निळं जाकीट आहे. पण पॉटरनं ससे पाळले होते, जवळून पाहून त्यांची चित्रं काढली होती. बूट हरवल्यावर पीटर चार पायांवर धावू लागतो आणि त्याचा वेग वाढतो. माणसाचा पोशाख आणि सशाचं अंग यांच्या ओढाताणीवरच ते पुस्तक उभं आहे. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत कपडे काढले तर आत काही उरत नाही.

चित्रही वाचायचं असतं, हे मराठीत ठामपणे दाखवलं माधुरी पुरंदरे यांनी. ‘चित्रवाचन’ आणि ‘राधाचं घर’ पाहताना मूल पानावर थांबतं, बोट ठेवतं, प्रश्न विचारतं. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. त्यांची ही नजर माणसांच्या घरात सर्वांत खुलते. त्याच बारकाईनं कुणी गोठ्यात आणि रानात उतरायला हवं. २०१५ पासून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, ही फार मोठी सोय आहे. पण त्यांतली बरीच भाषांतरं आहेत; चित्रं दुसऱ्याच गोष्टीसाठी, दुसऱ्याच मुलखाची काढलेली.

आणि आपल्या मुलखात गोष्टींना तोटा नाही. राहुरीजवळच्या मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला. मादी उसातच विते, तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडतात. मग वनखात्याची माणसं त्यांना एका पेटीत घालून त्याच शेतात ठेवतात आणि दूर होतात. रात्री आई येते, पेटी उलथते आणि मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. सुरुवात, धाकधूक, अंधार, सुटका सगळं यात आहे, आणि बिबट्याच्या तोंडी एकही शब्द घालावा लागत नाही. राहुरीच्याच जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला ‘आजोबा’ बिबट्या २००९ साली माळशेजला सोडल्यावर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मोठ्यांसाठी सिनेमा निघाला. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीही ती वाट पानापानांवर चितारण्याजोगी आहे.

कुणी म्हणेल, इथल्या मुलांना रोजचेच प्राणी पुस्तकात कशाला? तर रोजचं म्हणूनच. बैलाचा खांदा चित्रात चुकला, की ते पोर लगेच ओळखतं. बरोबर आला, तर पुस्तक आपलं म्हणून जवळ घेतं.

चित्रकारांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे: गळीत हंगामात राहुरीला या. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या ओढणारे बैल बघा, चितारा, आणि कच्ची चित्रं आधी ऊसतोड कामगारांच्या मुलांना दाखवा. चुका तीच सांगतील.