बापूंची कुटी आणि अवकाशाचे माप

घर केवढे असावे, हा प्रश्न गवंड्यास विचारला तर उत्तर फुटांत मिळते. तत्त्वज्ञास विचारला तर तो आधी अवकाश म्हणजे काय हे ठरवू पाहतो. या दोन उत्तरांमधील अंतर जोडू पाहणारे एक छोटेसे भाषण जानेवारी १९७८ मध्ये वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम येथे झाले. वक्ते होते व्हिएन्ना येथे जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच (१९२६–२००२). शाळा, इस्पितळे व यंत्रे यांच्या अतिरेकावर कठोर टीका करणारे लेखक म्हणून त्यांचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते. बापूंच्या कुटीचा संदेश सांगणारे हे भाषण पाने मोजली तर अगदीच लहान आहे. पण सेवाग्रामविषयीच्या विपुल लेखनात त्याचे स्थान निराळे आहे. इतरांनी बहुधा कुटीत राहणाऱ्या पुरुषाविषयी लिहिले. इलिच यांनी कुटीविषयी लिहिले. म्हणूनच त्याचे परीक्षण भक्तीच्या नव्हे, विचाराच्या कसोटीवर व्हावे, असे आम्हांस वाटते.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. याच गावास १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. आरंभी त्यांचा मुक्काम आदि निवासात होता. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मूळची मीराबेन यांची. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि वर कवेलूंचे छप्पर, एवढेच तिचे वैभव. इलिच या कुटीत पहाटेच्या प्रार्थनेस बसले, आणि मग त्यांनी तेथील जागा मोजल्या. फुटांनी नव्हे, कामांनी. जोडे काढून मन आवरण्याची प्रवेशाची जागा, सर्वांनी मिळून बसण्याचा मधला भाग, गांधीजींची काम करण्याची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी पडवी आणि ऐसपैस न्हाणीघर, अशा सात जागा त्यांनी मोजल्या. या सातांचा परस्परसंबंध एखाद्या सजीवाच्या अवयवांसारखा आहे, असे त्यांचे निरीक्षण. उलट दिल्लीत ते ज्या इमारतीत उतरले होते ती त्यांना सामानाच्या सोयीसाठी बांधलेल्या सिमेंट-विटांच्या खोक्यासारखी वाटली. सामान ठेवावयाची ती इमारत आणि माणसाने राहावयाचे ते घर, असा त्यांचा भेद आहे.

खोक्याची ही उपमा इलिच यांनी एका इमारतीस लावली. आमच्या मते ती त्या इमारतीहून पुष्कळ जुन्या एका कल्पनेस लागू पडते. न्यूटनने १६८७ मध्ये अवकाश मांडला तो स्वयंभू, सर्वत्र सारखा आणि अचल असा. त्यात वस्तू असोत वा नसोत, त्याचे काही अडत नाही. लायब्निट्झने त्यास हरकत घेतली आणि अवकाश म्हणजे एकत्र नांदणाऱ्या वस्तूंचा केवळ परस्परक्रम, असे म्हटले. कांटने १७८१ मध्ये तिसराच मार्ग काढला: अवकाश बाहेर नाही, तो आपल्या संवेदनेचाच घाट आहे. आमच्याकडे वैशेषिकांनी आकाश व दिक् ही दोन वेगळी द्रव्ये मानली, तर वेदान्त्यांनी घटाकाशाचा दृष्टान्त देऊन सांगितले की घट फुटला तरी आतले आकाश फुटत नाही. दृष्टान्त निर्दोष आहे. मात्र तहानलेल्यास आकाश नको असते, घटच हवा असतो. राहण्याचा प्रश्न हा तहानलेल्याचा प्रश्न आहे. मराठी भाषेने हे मर्म फार पूर्वी ओळखलेले दिसते. ‘अवकाश’ या एकाच शब्दाने ती मोकळी जागाही सांगते आणि सवडही सांगते. ज्या जागेत काही करावयास सवड नाही, ती कितीही लांबरुंद असली तरी तिला अवकाश म्हणावयास आपली जीभ कचरते.

विसाव्या शतकातील जीवशास्त्राने या लोकव्यवहारास अनपेक्षित पुष्टी दिली. याकोब फॉन युक्सक्यूल या शास्त्रज्ञाने १९३४ च्या आपल्या ग्रंथात एकाच खोलीची तीन चित्रे दिली: माणसाची, कुत्र्याची आणि माशीची. माणसाच्या खोलीत पुस्तकांचे कपाटही आहे. कुत्र्याच्या खोलीत बसावयाच्या आणि खावयाच्या वस्तू तेवढ्या उरतात. माशीला दिवा आणि खाद्यपेये यांपलीकडे जवळजवळ काहीच वेगळे भासत नाही. भिंती त्याच, खोल्या मात्र तीन. याहूनही बोलका दाखला मधमाशीचा आहे. फुलोरा किती दूर आहे हे ती पोळ्यावरील नाचाने आपल्या बहिणींस सांगते, ही गोष्ट कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली व १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. पण ती अंतर मोजते कशाने? श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माश्यांना नक्षीदार भिंतींच्या अरुंद, जेमतेम काही मीटर लांबीच्या बोगद्यातून उडविले. परतल्यावर त्यांनी नाच केला तो शेकडो मीटर दूर जाऊन आल्याचा! भिंतींवर नक्षीऐवजी उड्डाणाच्या दिशेने सलग पट्टे ओढले, तेव्हा तेच अंतर त्यांना अगदी थोडे भासले. म्हणजे माशीच्या लेखी अंतर हे मीटरांवर नाही, डोळ्यांसमोरून किती जग सरकले यावर ठरते. माशीचा न्याय माणसास सरसकट लावणे धाडसाचे होईल. तथापि सात कामांच्या सात जागा असलेली लहान कुटी मोठी का वाटावी आणि सामानाने भरलेला दिवाणखाना कोंदट का वाटावा, या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा त्यातून मिळते. येथवर इलिच यांचे अंतर्ज्ञान अचूक आहे.

आमचा पहिला आक्षेप त्यांनी याच विचाराच्या पुढे घातलेल्या कुंपणास आहे. १९८४ साली इंग्लंडातील वास्तुशिल्पकारांपुढे केलेल्या भाषणात इलिच म्हणतात की राहणे ही कला आहे आणि ती फक्त माणसाची. कोळ्याचे जाळे हे जन्मजात सक्तीचे काम होय. वाक्य डौलदार आहे, पण निसर्ग त्याची साक्ष देत नाही. कोळी जाळे विणतो ते मिळालेल्या जागेचा आणि सापडणाऱ्या भक्ष्याचा अंदाज घेऊन. सुगरणीचे उदाहरण तर आपल्या घरचेच. सलीम अली यांनी १९३० मध्ये कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे या पक्ष्यांचे निरीक्षण केले. त्यांना असे दिसले की नर खोपा अर्धाच विणून थांबतो, मादी येऊन तो पारखते, आणि तिच्या पसंतीनंतरच पुढचे काम होते. सुगरणीच्या आफ्रिकेतील भाईबंदांच्या तरुण नरांना सराव मिळाला नाही तर त्यांचे विणकाम ओबडधोबड राहते, हेही प्रयोगाने सिद्ध झाले आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या की ज्या तो एका विशिष्ट ठिकाणी आला म्हणजेच जाग्या होतात. त्या शोधास २०१४ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. उंदीर नव्या जागी गेला, म्हणजे हा नकाशा नव्याने जुळतो. जागा आपलीशी करणे ही तर जीवमात्राची धडपड आहे. हे मान्य केल्याने इलिच यांचे म्हणणे दुबळे होत नाही, उलट बळावते. राहणे ही केवळ कला असेल, तर ती गमावणारा मनुष्य एका रसास मुकला एवढेच होईल. ती जगण्याची गरज असेल, तर खोक्यात कोंडलेल्या मनुष्यावर अन्याय झाला असे म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साध्या भारतीयाच्या दृष्टीने पाहता याहून मोठे घर कशास हवे, असा इलिच यांचा सवाल आहे. परंतु आमच्या वाचक भगिनींस जी गोष्ट प्रथम दिसली असती, ती त्यांच्या नजरेतून सुटली: त्यांनी मोजलेल्या सात जागांत चूल नाही. आश्रमाचे स्वयंपाकघर वेगळे व सामाईक होते. कुटीबाहेर प्रार्थनेचे विस्तीर्ण अंगण होते, बा कुटी होती, महादेवभाईंची कुटी होती, शेत होते. महारोगाने पीडित परचुरेशास्त्री, ज्यांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत, त्यांच्यासाठीही जवळच कुटी होती. छप्पर तेवढे लहान होते. आवार लहान नव्हते. शिवाय हे लहानपण एका पुरुषाने स्वेच्छेने पत्करलेले होते. मुंबईच्या चाळीत एकाच खोलीत चूल, अंथरूण, अभ्यास आणि आजारपण उरकणाऱ्या कुटुंबास बापूकुटीचे लहानपण दाखवून समाधान मानावयास सांगणे, हे कुटीचा अर्थ उलटा लावणे होय. इलिच यांचा तसा हेतू नव्हता हे उघड आहे. पण अंगण वगळून केलेली कुटीची स्तुती कोणाही घरमालकाच्या वा सरकारी नियोजकाच्या हाती सोयीचे हत्यार देते, आणि समीक्षकाने हे सांगितलेच पाहिजे.

तरीही हे भाषण वाचावे, कुटुंबात मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची शिफारस आहे. त्यातील सात जागांची यादी ही आमच्यासारख्या पांढरपेशा घरांना लावून पाहण्याची उत्तम कसोटी आहे. आपल्याकडे दिवाणखाना असतो आणि तो बहुधा न आलेल्या पाहुण्यांसाठी राखलेला असतो. मुलास तेथे खेळावयास मज्जाव असतो आणि वृद्ध वडिलांची खाट जाण्यायेण्याच्या वाटेवर सरकवलेली असते. कुटीत आजाऱ्यास स्वतःची खोली होती, तीही कामाच्या बैठकीपासून चार पावलांवर. घर बांधताना किंवा भाड्याने घेताना आपण नकाशावर चौरस फूट मोजतो. त्याच नकाशावर आजारी माणूस कोठे निजेल, मूल कोठे पसारा मांडील आणि स्वयंपाक करणारी बाई कोठे घटकाभर टेकेल, या तीन खुणा आधी केल्या, तर इलिच यांच्या चार पानांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.