पाऊस प्यालेली जमीन

एकदा मिळालेलं तारण विश्वासी माणूस गमावू शकतो का? मराठी मंडळ्यांत हा प्रश्न निघाला, की इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला जातोच. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि तरीही पतन पावले, त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणं अशक्य आहे, असं तिथे 4 ते 6 या वचनांत म्हटलं आहे. या तीन वचनांनी कितीतरी हळव्या मनांची झोप उडवली आहे. आपण तिथेच थांबतो, हे त्याचं एक मोठं कारण. लेखक थांबत नाही.

सातव्या वचनात तो थेट शेतावर येतो. वारंवार पडणारा पाऊस पिऊन एक जमीन पीक देते आणि आशीर्वाद मिळवते. दुसरी तोच पाऊस पिऊन काटेकुसळं देते, ती शापाच्या जवळ असते आणि शेवटी जाळली जाते. हे वचन मावळात वाचावं. कुरवंड्याजवळ इंद्रायणी जिथे उगम पावते, त्या डोंगरांवर पाऊस कोसळू लागला की भाताची खाचरं आणि कारवीचे उतार दोन्ही सारखेच भिजतात. जमिनीने तो पाऊस कमावलेला नसतो. लेखकाने दृष्टान्तात पावसाला पहिलं स्थान दिलं आहे, पिकाला नंतरचं, आणि मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. देणं आधी घडून गेलेलं आहे. प्रश्न आहे तो पुढे काय उगवतं याचा.

जाळण्याचंही तसंच. नाणे मावळात, पवन मावळात भाताचं बी टाकण्याआधी शेण, गवत, पालापाचोळा पसरून राब भाजतात. आगीत तणाचं बी जळतं आणि त्याच वाफ्यात पुढे रोपं तरारतात. त्यामुळे आग म्हणजे जमिनीचा अंत, असं इथल्या वाचकाच्या मनात आपोआप येत नाही. हा अर्थ मी वचनावर लादणार नाही. पत्राचा स्वर कठोर आहे, दहाव्या अध्यायात तर तो अधिकच कठोर होतो. पण लेखकाने ‘शापाच्या जवळ’ म्हटलं आहे, आणि त्या ‘जवळ’मध्ये अजून जागा शिल्लक आहे.

या अध्यायाचं खरं सौंदर्य मला दिसतं ते कोण कोणाशी बोलतं आहे, यात. सुरुवातीला ‘आपण’ आहे: आपण प्रौढतेकडे जाऊ या. मग अशक्यतेची ती भयंकर वाक्यं येतात, आणि तिथे अचानक ‘ते’ येतात. नाव नाही, गाव नाही. नवव्या वचनात लेखक समोरच्या माणसांकडे वळतो आणि म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची आहे. सबंध पत्रात ‘प्रियजनहो’ ही हाक इथे एकदाच येते, आणि येते ती अशा कडक इशाऱ्याच्या पाठोपाठ. ऐकणारा हादरला असेल, हे लेखकाला ठाऊक आहे.

पंथांनी यावर शतकानुशतकं वाद घातला. डॉर्टच्या धर्मसभेने 1618–19 मध्ये सांगितलं, की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो. वेस्लींच्या मेथॉडिस्टांनी पतनाची शक्यता खरी मानली. ट्रेंटच्या कॅथलिक सभेने 1547 मध्ये गंभीर पापाने कृपा गमावली जाते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते, असं ठरवलं. महाराष्ट्रात हे तिन्ही प्रवाह आले. आपल्याकडे वैष्णवांनीही असाच प्रश्न विचारला होता: माकडाचं पिल्लू आईला धरतं, मांजरीच्या पिल्लाला आई धरते, भक्ताचं कोणासारखं? योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळाचं उत्तर आहे. बाराव्या वचनात लांडगा मेंढरं हिसकावतो. अठ्ठाविसाव्यात, मेंढपाळाच्या हातातून ती कोणी हिसकावू शकत नाही. पण त्याआधीच्याच वचनात मेंढरं त्याची वाणी ऐकतात आणि मागे चालतात. राखलं जाणं आणि चालत राहणं यांना योहान वेगळं करत नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी असाच प्रश्न स्वतःला फार निष्ठुरपणे विचारला. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी कबुली दिली, की त्यानंतरची आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्याच्या आधारावर निर्धास्त न राहणाऱ्या या बाईने हिब्रू-ग्रीकमधून सगळं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. इतकी कठोर आत्मपरीक्षा आणि इतके निश्चिंत श्रम एकाच आयुष्यात नांदताना दिसतात, तेव्हा सहाव्या अध्यायातलं भय आणि धीर एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटेनासं होतं.

शेवटी अध्याय जहाजाच्या नांगरावर येतो. हा नांगर म्हणजे आपली आशा; ती पडद्याच्या आत पोचलेली आहे आणि येशू तिथे आपला अग्रगामी म्हणून आधीच गेला आहे, असं लेखक म्हणतो. ‘ते’ तिथवर मागे पडलेले असतात. या वचनांत पुन्हा ‘आपण’ आहे.