नंदुरबारचा गोळीबार आणि ‘जगाचे लक्ष’

बेचाळीसच्या हुतात्म्यांवरील स्मरणलेखांत एक वाक्य हमखास भेटते: या बलिदानाने साऱ्या जगाचे लक्ष वेधले. नंदुरबारच्या संदर्भात ते मला खटकते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानविषयी निवेदन केले. एवढ्या अफाट देशात मृतांचा आकडा पाचशेच्या आत आहे, असे ते म्हणाले; तेही दिलासा म्हणून. नंदुरबारची पाच मुले त्या हिशेबात धरली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. मरणे मोजायची, ती थोडी आहेत हे दाखवण्यासाठी, ही रीत पाहण्याजोगी आहे. बरोबर वर्षापूर्वी, ९ सप्टेंबर १९४१ रोजी, त्यांनीच अटलांटिक सनदेचे आश्वासन मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी असल्याचा खुलासा केला होता. तारखा जुळल्या हा योगायोग. विधाने जुळली हा नव्हे.

आणि जग? चँग कै-शेक यांनी ऑगस्टातच रूझवेल्ट यांना मध्यस्थीची गळ घातली. रूझवेल्ट यांनी तो मजकूर चर्चिलकडे पाठवला आणि त्यांचा विरोध पाहून विषय सोडला. वेंडेल विल्की अधिक धीट. २६ ऑक्टोबरच्या नभोवाणी भाषणात त्यांनी बजावले की, हिंदुस्थानबाबतच्या मौनामुळे पूर्वेकडे अमेरिकेविषयीचा सद्भाव आटतो आहे. वाचताना बरे वाटते. पण काळजी अमेरिकेच्या प्रतिष्ठेची आहे, जशी चँग यांना जपानविरुद्धच्या आघाडीची होती. १९४३मध्ये गांधीजींच्या उपोषणकाळात रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स यांना त्यांची भेट नाकारली गेली. फिलिप्स यांचे ब्रिटिश धोरणावर टीका करणारे पत्र १९४४मध्ये वृत्तपत्रात फुटले, तेव्हा लंडन रागावले; ते पत्र फुटल्याबद्दल.

हे सारे हिंदुस्थान नावाच्या युद्धकालीन अडचणीविषयी बोलत होते. त्यात नंदुरबार शोधणे म्हणजे हुतात्म्यांसाठी परक्यांचे प्रशस्तिपत्र मागणे. त्यापेक्षा गुजरातच्या सीमेजवळच्या या बाजारपेठेत मेहता, शहा, वाणी आणि केतकर यांच्या घरांतली मुले एकाच मिरवणुकीत कशी आली, हे कोणी नीट लिहिले तर मला वाचायचे आहे.